पाटीवरचा ‘ळ’ आणि कोरडा रंग

हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची ‘ळ’च्या बाबतीतली पंचाईत जुनीच आहे. कधी पासबुकात, कधी शाळेच्या दाखल्यावर काळ्यांचे ‘काले’ होतात, पिंगळ्यांचे ‘पिंगले’ होतात. जबलपूर तरी त्याला अपवाद कसं असेल? १८१७ साली इंग्रजांनी घेईपर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होतं, त्यामुळे इथे मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. सरकारी कागदावर व्हायचं ते होवो, निदान स्वतःच्या दारावरच्या पाटीवर तरी आडनाव धड असावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा!

अशी पाटी हल्ली लेझरने लाकडात कोरून मिळते. छिन्नी-हातोडीने कोरायला कारागिराचे दोन दिवस जायचे, ते काम यंत्र तासाभरात उरकतं. यातली गंमत अशी, की लाकूड कोरायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा जनक आपल्या बारामतीत जन्मलेला आहे. कुमार पटेल हे त्यांचं नाव. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून १९५८ साली ते पदवीधर झाले, अमेरिकेत गेले आणि १९६३-६४च्या सुमारास बेल लॅबोरेटरीत त्यांनी हा लेझर सिद्ध केला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड तो चटकन शोषून घेतं आणि नेमकं तेवढ्याच रेषेत जळून जातं.

पण जळून जातं म्हणजे अक्षर तपकिरी होतं. सागवानाची फळी तपकिरी, अक्षर तपकिरी. फाटकापाशी उभ्या राहिलेल्या पोस्टमनने वाचायचं काय? मग घरातलं कुणीतरी ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन बसतं. तासाभराने बघावं, तर प्रत्येक अक्षराला मिशा फुटलेल्या! दोष हाताचा नसतो. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी चढायचं, आता त्याच वाटेने पातळ रंग रेषेबाहेर पळतो. खोदलेल्या जागी तर नळ्यांची तोंडं उघडीच पडलेली असतात.

यावर उपाय म्हणजे रंग पातळ न ठेवता कोरडाच भरायचा. लोखंडी कपाटं, खिडक्यांचे ग्रिल, सायकलच्या फ्रेम ज्या पावडरने रंगवतात तीच पावडर. नुसतं रंगद्रव्य म्हणजे पावडर कोटिंग नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. तिच्यात राळेसारखं रेझिन आणि ते घट्ट करणारा पदार्थ रंगाबरोबर दळलेला असतो. उष्णता मिळाली की दाणे वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि गार झाल्यावर अखंड थर होतो. रांगोळी किंवा गुलाल भरून पाहणारे इथेच फसतात. त्यात धरून ठेवणारं काहीच नसल्याने पहिल्या पावसात रंग फळीवरून खाली ओघळतो.

खरं तर ही युक्ती नर्मदाकाठाला नवी नाही. जबलपूरहून नर्मदा वाहत खाली जाते, तिच्याच काठावर बुधनी आहे. तिथले कारागीर दुधी लाकडाची खेळणी चरकावर फिरवतात आणि रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढून बसतो. ना ब्रश, ना पाणी. लाख ही झाडावरच्या किड्याने दिलेली राळ, तर पावडरमधली राळ कारखान्यात बनलेली. तत्त्व एकच.

फरक पडतो तो उष्णतेत. कारखान्यात पावडर लावलेला लोखंडी भाग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत दहा-वीस मिनिटं ठेवतात. लाकडाला ती भट्टी मानवत नाही. फळी वाकते, तडकते, चिकट लाकूड असेल तर आतली राळ बाहेर येते. म्हणून इथे हीट गन वापरायची आणि फक्त अक्षरापुरतं तापवायचं. एमडीएफसाठी १२० ते १५० अंशांत पक्की होणारी खास पावडर निघते, ती मिळाली तर उत्तमच.

कृती तशी अवघड नाही, चिकाटीची मात्र आहे. फळी घासून तिच्यावर सँडिंग सीलरचा हात द्या, वाळू द्या आणि मास्किंग टेप चिकटवून टेपवरूनच लेझर चालवायला सांगा. अक्षर मिलिमीटरभर तरी खोल हवं. कोरून झाल्यावर जुन्या टूथब्रशने काजळी झाडून काढा. ती राहिली तर पांढरा रंग राखाडी दिसतो. मग पावडर भरून जुन्या पत्त्याच्या कडेने दाबून सपाट करा आणि टेप अलगद सोला. आता देवनागरीची परीक्षा सुरू होते! इंग्रजीत ‘ओ’च्या पोटातला टेपचा तुकडा काढला की झालं. आपल्याकडे ‘क’चं पोट, ‘व’चं पोट, ‘ळ’च्या तर दोन वाट्या. प्रत्येक तुकडा चिमट्याने उचलावा लागतो आणि हात थरथरला की शेजारच्या वेलांटीतली पावडर सांडते. अनुस्वार फार बारीक असेल तर त्यात पावडर ठरतच नाही, म्हणून तो नेहमीपेक्षा ठसठशीत मागा.

हीट गन सुरुवातीला वीतभर उंच धरा. जवळ नेली तर वाऱ्याने पावडर उडून जाते. कडा ओल्यासारख्या चमकू लागल्या की गन हळूहळू खाली आणा. वितळल्यावर दाण्यांमधली हवा निघून जाते आणि रंग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा तापवावं लागतं. चमक आली म्हणजे काम पक्कं झालं, असं मात्र समजू नका. गार झाल्यावर थिनरमध्ये भिजवलेला बोळा अक्षराच्या कोपऱ्यावर घासून बघा. रंग बोळ्याला लागला तर तो फक्त वितळला आहे, पक्का झालेला नाही.

पावडर मिळवायला दूर जायला नको. रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीत किंवा कपाटं, ग्रिल रंगवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात पाव किलो मागून बघा. तेवढ्यात पाट्यांचा ढीग होईल. डबा घट्ट बंद ठेवा, पावसाळ्यात पावडरच्या गुठळ्या होतात. नाकावर चांगला मास्क हवाच. काही पावडरींत टीजीआयसी नावाचा घटक असतो. तो आरोग्याला घातक मानला जातो, तेव्हा तो नसलेलीच पावडर मागा. गॅसच्या ज्योतीवर तापवण्याचा मोह टाळा. हवेत उडालेली बारीक पावडर पेट घेते. केक भाजायचा ओव्हनही या कामाला लावू नका. आणि पाटी छान जमली म्हणून पोळपाटावर फुलं भरायला बसू नका! लाटताना, घासताना सुटलेला रंग पोळीत जाईल.

राहता राहिलं यंत्र चालवणाऱ्याकडून मजकूर जुळवून घेणं. यात घाई करू नये, कारण जळलेलं लाकूड परत येत नाही. हिंदी टाइप करायला सरावलेला हात ‘ळ’ची जागा शोधत बसतो आणि सापडला नाही की ‘ल’ ठोकून देतो. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा ‘र’ उडी मारून ‘हा’च्या डोक्यावर जाऊन बसतो. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’सुद्धा मराठी डोळ्यांना खटकतो. म्हणून पडद्यावर बघून मान डोलावू नका. खऱ्या मापात कागदावर छापून घ्या, घरी न्या, आजोबांना चष्मा लावून वाचायला द्या. त्यांनी होकार दिला की मगच यंत्र सुरू करायला सांगा.

पाटी दाराबाहेर उन्हात लागणार असेल तर पावडर घेताना पॉलिएस्टरची आहे ना, हेही विचारून घ्या. इपॉक्सीची असली तर जबलपूरच्या उन्हाने ती पांढुरकी पडून खडूसारखी सुटू लागते.