ऊन, सावली आणि रोल

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या एखाद्या अरुंद गल्लीत भर दुपारी फोटो काढून पाहा. रस्त्यावर रखरखीत ऊन, दुकानात काळोख. रंगीत निगेटिव्ह फिल्म हे ऊन पचवते, पांढऱ्या सदऱ्याची चुणीसुद्धा राखते; काळोख मात्र तिला पेलत नाही. डिजिटलचं नेमकं उलटं. सावलीतला तपशील मागाहून काढता येतो, पण जळून गेलेलं पांढरं काही केल्या परत येत नाही. मैसूरचेच छायाचित्रकार टी. एस. सत्यन (१९२३–२००९) यांनी साधीसुधी माणसं टिपली ती फिल्मवर. जवळच उटीला सरकारी कारखान्यात ‘इंदू’ फिल्म बनायची. तो बंद पडला, याची हळहळ वाटते. आज रोल महाग, धुऊन देणारे विरळ. तेव्हा शिकणाऱ्यांनी डिजिटलच घ्यावा, आणि एक्स्पोजर उन्हाचं धरावं, सावलीचं नव्हे.