‘नेग्लिजन्स’ला मराठीत काय म्हणावे?

एखाद्या रुग्णालयावर दावा दाखल झाला की वृत्तपत्रांत ‘डॉक्टरांचा निष्काळजीपणा’ हे शब्द हमखास छापून येतात. इंग्रजीतील ‘नेग्लिजन्स’चा हा रूढ प्रतिशब्द. मला तो चुकीचा वाटतो. व्यवसायबंधूंची कड घ्यायची म्हणून नव्हे, केवळ अर्थाच्या दृष्टीने.

‘नेग्लिजन्स’ हा शब्द लॅटिन ‘नेग्लेगेरे’पासून आला. ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे, निवडणे, उचलून घेणे. वाचणे हा अर्थही त्याच धातूचा. त्याच्या आधी नकार जोडला की जे वेचून घ्यायचे ते न उचलणे, असा अर्थ होतो. उद्योगशीलता दाखवणारा ‘डिलिजन्स’ही याच कुळातला, एकाच घरातील दोन भावंडे, एकाने नाव काढले आणि दुसऱ्याने घालवले! या व्युत्पत्तीत अंतःकरणाचा संबंध कोठेच नाही. ‘निष्काळजीपणा’ मात्र थेट मनावर आरोप करतो. रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरकडूनही रक्तगट पडताळायचा राहू शकतो. त्याला काळजी नव्हती असे कोण म्हणेल? आणि ती होती म्हणून रुग्णाला काय लाभ?

सर्वोच्च न्यायालयाचा 2005 सालचा ‘जेकब मॅथ्यू’ निकाल आपल्याला परिचित आहे. श्वास कोंडलेल्या रुग्णासाठी आणलेला प्राणवायूचा सिलिंडर रिकामा निघाला होता. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर स्वरूपाची हयगय असावी लागते, असे सांगून न्यायालयाने डॉक्टरांवरील खटला रद्द केला. रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीची शक्यता मात्र नाकारली नाही. तेथे दयेचा अभाव होता असे कोठे दिसत नाही. सिलिंडर भरलेला आहे की नाही हे पाहण्याचे काम तेवढे कोणी उचलले नव्हते. लॅटिन शब्दाचा अर्थ नेमका हाच.

आपल्या बेळगावात तक्रारी दोन भाषांतून येतात. कन्नडमध्ये ‘निर्लक्ष्य’ म्हणतात. लक्ष नव्हते, एवढेच तो शब्द सांगतो. मराठीतही ‘हयगय’ हा उत्तम शब्द आहे, पण तो पोलिसांच्या कागदांत भरधाव वाहनचालकांच्या वाट्याला गेला आहे. तो आपण परत आणावा.

शब्द बदलला की आपला बचावही बदलावा लागेल. ‘आम्ही पूर्ण काळजी घेतली होती’ हे उत्तर मग चालणार नाही. कोणती तपासणी राहिली, ती कोणाकडे सोपवली होती आणि तिची नोंद कोठे आहे, हे सांगावे लागेल.