चिन्ह पाठीवर, व्रत कोठे?

1938 साली अमेरिकेत अवतरलेला सुपरमॅन आज आपल्या घरातील मुलांना शेजाऱ्याइतका परिचित आहे. त्याच्या छातीवरील अक्षर ती डोळे मिटून काढून दाखवितात. 2013 साली आलेल्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटात हाच नायक संकटकाळी चर्चमध्ये पाद्र्यासमोर बसतो आणि त्याच्या पाठीमागे खिडकीच्या रंगीत काचेवर येशूची प्रतिमा दिसते. पाश्चात्त्य दिग्दर्शकास आपल्या श्रद्धाचिन्हांचा संकोच वाटत नाही. मग आपल्याकडील चित्रपटांनी आपली चिन्हे वापरली, तर त्यात वावगे काय? काहीच नाही. प्रश्न आहे तो चिन्हाचा अर्थ पडद्यावर पोहोचतो का, हा.

या संदर्भात नांदेड-लातूरकरांनी आठवावा असा चित्रपट म्हणजे रेमो डिसूझा दिग्दर्शित ‘अ फ्लाइंग जट’. तो ऑगस्ट 2016 मध्ये प्रदर्शित झाला. टायगर श्रॉफने साकारलेला अमन हा उंचीला भिणारा साधा तरुण. त्याच्या आईच्या जमिनीवरील पवित्र वृक्ष एका उद्योगपतीला तोडावयाचा आहे. त्या वृक्षापाशी झालेल्या झुंजीत अमनच्या पाठीवर खंड्याचे चिन्ह उमटते आणि त्याला अद्भुत सामर्थ्य लाभते. खलनायकाचे बळ मात्र प्रदूषणावर पोसलेले!

कल्पना निश्चितच स्वागतार्ह आहे. वृक्ष वाचविणारा तो नायक आणि विषारी धुरावर माजणारा तो राक्षस, हे रूपक लहान मुलालाही कळते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या शहराने हे दिवस पाहिले, त्याला झाड आणि पाणी यांचे मोल पडद्यावरून शिकविण्याची गरज नाही.

उणीव आहे ती दुसरीकडे. चित्रपटात खंडा मिळतो तो अपघाताने. इतिहासात तो मिळाला शिर देण्याच्या तयारीने. 1699 च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंहांनी शिर मागितले, तेव्हा पाच जण पुढे झाले. त्यांतील भाई साहिबसिंह हे बिदरचे, म्हणजे आपल्या उदगीरला लागूनच असलेल्या मुलखातले. लोखंडी पात्रातील पाणी खंड्याने ढवळून त्या पाचांना अमृत देण्यात आले आणि त्यानंतर स्वतः गुरूंनी त्याच पाचांकडून ते स्वीकारले. खंड्याचा खरा अर्थ येथे आहे. सामर्थ्य एकट्याचे नसते, ते त्यागाने मिळते आणि गुरूलाही शिष्यांपुढे ओंजळ करावयास लावते. एकट्याने आकाशात उडणाऱ्या नायकाच्या पाठीवर हा अर्थ मावत नाही.

अडीच तासांच्या करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशाला, असे कोणी विचारील. करमणुकीला आमचा विरोध नाही. पण ज्या चिन्हासाठी माणसांनी प्राण वेचले, ते उसने घेणाऱ्याने त्याचे मोलही सांगावे, एवढेच म्हणणे आहे.

वास्तविक, पटकथाकाराला हवी तशी कथा नांदेडच्या गोदाकाठी घडलेली आहे. 1708 साली माधोदास नावाचा बैरागी येथे गुरू गोविंदसिंहांना शरण आला. परंपरा सांगते की, गुरूंनी त्याला पाच बाण, निशाण आणि नगारा देऊन पंजाबकडे धाडले. त्याच्या पाठीवर रातोरात काही उमटले नाही. बंदासिंह बहादूर होऊन तो शेकडो कोस चालून गेला, माणसे जोडली आणि 1710 साली त्याने सरहिंद जिंकले. 1716 साली दिल्लीत अनन्वित छळ सोसून त्याने मृत्यू पत्करला, पण धर्म सोडला नाही. बाण, निशाण आणि नगारा ही तीन चिन्हे त्याच्या हाती सार्थ झाली ती अशी.

म्हणून आई-वडिलांनी मुलांना असे चित्रपट जरूर दाखवावेत. परतताना मात्र एकच प्रश्न विचारावा : ‘या नायकाने शक्ती मिळविण्यासाठी काय दिले?’ नंतर एखाद्या रविवारी सचखंड गुरुद्वाराला न्यावे, लंगरमध्ये सर्वांसोबत पंगतीला बसवावे आणि जमल्यास भांडी घासण्याच्या सेवेतही हात लावू द्यावा. गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत, हेही तेथेच सांगावे. येताना गोदावरीच्या पात्रात मिसळणारे सांडपाणी दाखवावे. पडद्यावरचा राक्षस कोठे राहतो, ते मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

चिन्ह अंगावर मिरविणे सोपे असते, ते अंगी बाणविणे कठीण. चित्रपट पहिले शिकवील. दुसरे घरानेच शिकवावे लागेल.