बोटीवरचे नेम



ताहिती, मूरिया, बोरा बोरा ही पॅसिफिकमधली बेटं बोटीनं फिरून आले म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "मग नेम किती मोडले?" मला वाटतं, नेम बोटीवर नाही, बुकिंग करतानाच मोडतात.

आम्ही आधी पंचांग पाहिलं. तिथं मे ते ऑक्टोबर हवा कोरडी, पण आषाढात आपला चातुर्मास लागतो. म्हणून जूनच्या सुरुवातीलाच जाऊन आलो. तेव्हा तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बोटीवरचं जेवण त्यानंतर. लेखी कळवूनही पहिल्या दिवशी ताट आलं ते अंधार पडल्यावर. परत पाठवलं. लेक रडवेली झाली, खरं तर मीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून पाचला जेवण मिळू लागलं.

बेटांवर अळूचे कंद, रताळी फार. ती वगळूनही पपई, केळी, शहाळी भरपूर. 'पोए' नावाचा फळांचा गोड पदार्थ मात्र विचारूनच घ्या, त्यात कंदाचं सत्त्व घालतात.

निळं पाणी पाहताना डोळे भरून आले, हेही कबूल करते.

सासूबाईंचं दिग्व्रत आहे, दिशांची मर्यादा घेतलेली. त्या आल्या नाहीत. "बिचाऱ्यांची मौज हुकली," असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पहिल्या रात्री उपाशी झोपताना मला त्यांचीच आठवण आली. मी एक जेवण सोडलं होतं, त्यांनी अख्खा समुद्र सोडला, तोही हसत.