गांवची प्रशाला आणि गांवचा शेतकरी

दहावीचा निकाल लागला कीं मुरुडच्या बाजारांत चार दिवस एकच बोलणें ऐकूं येतें. पालक म्हणतो, शिक्षक शिकवीत नाहींत. शिक्षक म्हणतो, मुलें शिकत नाहींत. दोघेही आपापल्या वाटेनें घरीं जातात आणि पुढच्या निकालापर्यंत तो विषय तेथेंच पडून राहतो. शेतकऱ्यास ही रीत शोभणारी नाहीं असें आम्हांस वाटतें. सोयाबीन विरळ उगवलें तर आपण केवळ बियाण्यास बोल लावून थांबत नाहीं. उगवणशक्ति घरीं तपासली होती काय, वाफसा होता काय, बीं किती खोल पडलें, पेरणीनंतर पावसानें किती दिवस ओढ दिली, हें सर्व पाहतों. हाच विचार शाळेविषयीं व्हावा, एवढ्याचकरितां हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम निकालाचा आंकडाच पाहूं. २०२५ सालीं राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. त्यावर समाधान मानावें, तर २०२३ सालीं ‘असर’ या नांवानें देशांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत झालेली पाहणी आड येते. १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकीं सुमारें एक चतुर्थांशांस आपल्या भाषेंतील दुसरीच्या पुस्तकाचा उतारा अस्खलित वाचतां आला नाहीं. आणि तीन आंकडी संख्येस एका आंकड्यानें भागण्याचें गणित अवघ्या ४३.३ टक्क्यांस सुटलें. उत्तीर्ण होणें व विषय येणें या दोन गोष्टी एक नव्हत, हें यावरून उघड होतें. कणसें मोजल्यानें रास मोजली असें होत नाहीं. दाणा भरला कीं नाहीं तें पाहावें लागतें.

आतां शिक्षकाची बाजू घेऊं. २०१२ सालीं राज्यांत शिक्षकभरती थांबली, आणि पुढें कित्येक वर्षें निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. जेथें गणिताचा शिक्षक नाहीं तेथें दुसऱ्या विषयाचा शिक्षक गणितास उभा राहतो. तो प्रामाणिक असला तरी त्याची अडचण मुलांच्या लक्षांत येतेच. नव्यानें लागलेल्या शिक्षकास २००० सालापासून तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून ठराविक मानधनावर राहावें लागतें. माध्यमिक शाळेंत हें मानधन दरमहा ८,००० रुपये होतें; तें २०२३ सालीं १८,००० रुपये झालें. आपण सालगड्यास जें साल देतों त्याशीं पहिली रक्कम वाचकांनींच ताडून पाहावी. शिवाय जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक हीं कामें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंच शिक्षकाच्या वांट्यास ठेविलीं आहेत. त्या कायद्यानें इतर अशैक्षणिक कामें वर्ज्य केलीं, तरी माहितीचीं कोष्टकें भरण्यांत शिक्षकाचे तास जातात, हें प्रशालेंत अर्धा दिवस बसणाऱ्या कोणासही दिसेल.

याचा अर्थ शिक्षकांकडे दोष नाहीं असा नव्हे. बसच्या वेळेवर येणारा आणि बसच्या वेळेवर जाणारा शिक्षक आम्हीं पाहिला आहे. अशाची तक्रार अवश्य करावी. परंतु जो मन लावून शिकवितो त्याच्या वर्गांत जाऊन ‘गुरुजी, चांगलें चाललें आहे’ असें म्हणणारा गांवकरीही क्वचितच आढळतो. चांगल्यास शाबासकी नाहीं आणि वाईटास जाब नाहीं, तेथें दोघांचें काम हळूहळू सारखेंच होतें.

मुलांकडे वळूं. आपल्या भागांत जून-जुलैंत पेरणी व आक्टोबरांत सोयाबीनच्या राशी. आणि प्रथम सत्राची परीक्षाही नेमकी त्याच दिवसांत. नववींतील मुलगा पंधरा दिवस राशीवर राहिला म्हणजे बीजगणिताचा एक पाठ त्याच्या हातून सुटतो. पुढचा पाठ त्या पाठावर उभा असल्यामुळें तोही कळत नाहीं, आणि मग कळत नाहीं म्हणून शाळाच नकोशी होते. तिफणीचा एक नळा तुंबला तर शेताच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक ओळ रिकामी जाते. ती पेरणाऱ्यास त्या दिवशीं दिसत नाहीं, पंधरवड्यानें दिसते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचीं मुलें तर दिवाळीनंतर वर्गांतून उठतात तीं परीक्षेच्या सुमारास परततात. मुलींस एस्टीचा पास विनामूल्य मिळतो ही चांगली सोय आहे. पण शाळा सुटल्यावर बस अंधार पडतांना येणार असेल तर बाप मुलीस घरींच ठेवितो. आणि कायद्यानें सक्ति केली ती १४ वर्षें वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. नववींत मूल वर्गांत टिकवून धरणारा हात आईबापांचा व गांवाचा. दुसरा कोणाचा नाहीं.

येथें आपल्या मुलखाचा थोडा पूर्वेतिहास आठवावा. हैदराबाद संस्थानाच्या काळीं सरकारी माध्यमिक शाळांत शिक्षण उर्दूंतून चाले. मराठी शेतकऱ्याच्या मुलास आधीं भाषा व मग विषय, अशी दुहेरी चढण होती. त्यावर तोड म्हणून १९२१ सालीं हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा व १९३५ सालीं अंबाजोगाईचें योगेश्वरी नूतन विद्यालय लोकाश्रयावर उभें राहिलें. स्वामी रामानंद तीर्थांनीं या दोन्ही ठिकाणीं शिक्षकाचें काम केलें. संस्थान गेलें, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर मराठवाड्यांतील सरकारी माध्यमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. उर्वरित महाराष्ट्रांत माध्यमिक शिक्षण बहुतेक खाजगी संस्थांच्या हातीं आहे. आपल्याकडे मात्र जिल्हा परिषदेची प्रशाला गांवोगांव दिसते. परक्या भाषेच्या काळांत ज्यांनीं वर्गणी काढून शाळा चालविल्या, त्यांचे आपण नातू. आणि स्वतःच्या भाषेंतील, स्वतःच्या जिल्ह्याची शाळा आपण काय स्थितीस आणली?

कारण, आमच्या मतें मुख्य गोष्ट ही कीं, ज्याच्या शब्दास गांवांत वजन आहे त्याचें मूल आतां गांवच्या प्रशालेंत नाहीं. हें आम्ही दुसऱ्यास उद्देशून लिहीत नाहीं. आम्हींही आमचा थोरला मुलगा आठवीनंतर लातुरास ठेविला. खोलीचें भाडें, खानावळ व शिकवणी यांकरितां दोन वर्षांचें सोयाबीन गेलें, त्याचें दुःख नाहीं. परंतु ज्या दिवशीं त्याचें नांव गांवच्या शाळेंतून काढलें त्या दिवसापासून तेथील पालकसभेस आम्ही एकदांही गेलों नाहीं. पुढें त्या शाळेंत विज्ञानाची जागा दीड वर्ष रिकामी होती, हें आम्हांस सालगड्याच्या मुलाकडून कळलें. ज्या विहिरीचें पाणी आपण पीत नाहीं तिचा गाळ काढण्यास आपण जात नाहीं, हेंच खरें.

आणि लातुरास जाऊन आपण विकत घेतों तें काय? ‘लातूर पॅटर्न’चें नांव झालें तें राजर्षि शाहू महाविद्यालयामुळें. हें महाविद्यालय १९७० सालीं निघालें व डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले प्राचार्य. तेथील पद्धतींत जादूटोणा नव्हता: जादा तास, वारंवार चांचणी आणि चुकलेलें पुन्हां करून घेणें. यांतील एकही गोष्ट अशी नाहीं कीं जी मुरुडच्या आसपासच्या प्रशालेंत होऊं नये. मात्र ती करून घेणारा पालक तेथें पाहिजे.

कोणी म्हणेल, शाळा सरकारची, पगार सरकारचा, मग आम्हीं काय करावें? रिकाम्या जागा भरणें हें सरकारचें कर्तव्य आहे आणि तें आपण निक्षून मागितलेंच पाहिजे. परंतु राशीच्या दिवशीं मूल वर्गांत असावें कीं खळ्यावर, हें कोणताही शासननिर्णय ठरवूं शकत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें प्राथमिक शिक्षकांविषयीं मागणी केली होती कीं ते शेतकरीवर्गांतून यावे, नांगर धरण्याची ज्यांस लाज नाहीं असे असावे. आज आपल्या शाळांतून शिक्षक म्हणून उभे असलेले कितीतरी जण शेतकऱ्यांचेच मुलगे व मुली आहेत. नांगर व खडू यांचें गोत्र एक झालें. पण गांव आणि शाळा यांची गांठ मात्र सैल पडली.

ती पुन्हां आंवळण्याकरितां आमच्या सूचना थोड्याच आहेत. शाळेच्या दिवशीं शिकणारें मूल राशीवर घेऊं नये. आपलें नव्हे आणि मजुराचेंही नव्हे. व्यवस्थापन समितीच्या सभेस जाऊन दर महिन्यास तीन प्रश्न विचारावे: जागा किती रिकाम्या, शिक्षक किती दिवस बाहेरच्या कामास गेले, आणि कोणतीं मुलें वरचेवर गैरहजर आहेत. उत्तरें कागदावर घ्यावीं व पंचायतीसमोर ठेवावीं. शिक्षकास गांवांत राहण्यास दोन नीट खोल्या वाजवी भाड्यानें द्याव्या. मुलींच्या बसची वेळ बदलून घेण्यास चार जणांनीं मिळून आगारांत जावें. यांस पैका फारसा लागत नाहीं. आपला वेळ मात्र लागतो, आणि तोच आपण आजवर दिला नाहीं.

शेवटीं वाचकांस एवढेंच कळवितों कीं आमची धाकटी मुलगी येत्या जूनमध्यें आठवींत जाईल. तिचें नांव गांवच्या प्रशालेंतच घालण्याचा आमच्या घरीं निश्चय झाला आहे. तिच्या निमित्तानें का होईना, आम्ही त्या सभेस पुन्हां जाऊं. आमच्या जोडीस आणखी चार बांधकरी आले तर जागा भरण्याचा अर्ज अधिक वजनदार होईल.