जाहिरातीतली वेतनश्रेणी वाचताना

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून एक जाहिरात फिरते. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात कारकून, दुभाषी किंवा ड्रायव्हर हवा आहे, नेमणूक स्थानिक. खाली लगेच प्रश्नांची रांग लागते: ही सरकारी नोकरी म्हणायची का? पेन्शन मिळतं का? पगार इतका कमी कसा? या अंकाच्या शेवटच्या पानावर अशीच एक जाहिरात आहे, तेव्हा अर्ज करणाऱ्यांसाठी चार गोष्टी आधीच सांगून टाकतो.

दुबईत काय किंवा दुसरीकडे काय, वकिलातीत दोन तऱ्हेचे लोक काम करतात. दिल्लीहून बदलीवर आलेल्यांचा पगार केंद्रीय वेतन आयोगाप्रमाणे, वर परदेश भत्ता, राहण्याची सोय सरकारकडून. दुसरे इथल्या इथे नेमलेले. त्यांना ना वेतन आयोग, ना परदेश भत्ता. वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसून दोघं तेच पासपोर्ट तपासतात, तीच गर्दी झेलतात. आखाताची गंमत अशी, की हे 'स्थानिक' बहुतेक आपल्यासारखेच व्हिसावर आलेले भारतीय असतात.

जाहिरातीत पगार असा छापलेला असतो: ४०००-१२०-५८००-१७४-७५४०-२२६-९८००. ज्यांचे आईवडील कलेक्टर कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत होते त्यांना ही मांडणी नवी नाही. बाकीच्यांसाठी फोड करून सांगतो. सुरुवात ४,००० दिरहमला, मग दर वर्षी १२० ची वाढ. ५,८०० गाठायला पंधरा वर्षं लागतात. पुढची दहा वर्षं १७४, शेवटची दहा २२६. म्हणजे ९,८०० हा आकडा पस्तीस वर्षांनी भेटणार! वाढ तीन टक्क्यांची म्हणतात, पण ती टप्प्याच्या सुरुवातीच्या पगारावर. पंधराव्या वाढीच्या वेळी पगार ५,६८० झालेला असतो आणि वाढ तीच १२०, म्हणजे जेमतेम दोन टक्के. मधल्या काळात मंत्रालयाने श्रेणीच सुधारली तर गोष्ट वेगळी. ती सुधारेपर्यंत घरभाडं मात्र कुणासाठी थांबत नाही.

मग ४,००० हा पहिला आकडा येतो कुठून? अमेरिकेने याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या १९८० च्या फॉरेन सर्व्हिस ॲक्टच्या कलम ४०८ प्रमाणे परदेशी कर्मचाऱ्यांचा पगार त्या गावात तशा कामाला चालू असलेल्या दरावर ठरतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्यांच्या कचेरीत काम करणाऱ्या भारतीयांना हाच नियम. आधी कामाची पातळी ठरवायची, मग गावातल्या निवडक कंपन्या असल्या कामाला काय देतात याचं सर्वेक्षण घ्यायचं आणि त्यावरून तक्ता बांधायचा. ऐकायला चोख आहे. पण त्याच कलमात सार्वजनिक हिताशी सुसंगत असेल तितपत, अशी पाचरही आहे. ओबामांनी नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारी नोकरांचे पगार दोन वर्षं गोठवायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या अमेरिकी वकिलातींमधल्या स्थानिकांचेही गोठले. त्यांच्या गावात महागाई किती, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आमच्या मते खरी मेख 'गावातला दर' या कल्पनेतच आहे. आपल्या गावात एक दर आहेच कुठे? एकाच हुद्द्याच्या दोन माणसांच्या पगारात पासपोर्टच्या रंगाने फरक पडतो, हे इथे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. बर दुबईतल्या छोट्या ट्रेडिंग कंपनीशी तुलना केली तर ४,००० ठीक वाटतील, बँकेशी केली तर हसू येईल. कुणाशी तुलना करायची हे मालक ठरवतो आणि यादी कर्मचाऱ्याला दिसत नाही. आपले एचआरवाले सभासद हेच काम रोज करतात. सर्वेक्षणातल्या चार कंपन्या बदलल्या की तक्ता कसा हलतो, ते त्यांना विचारा.

स्थानिकांच्या पगाराचा विषय एकदा दोन देशांच्या भांडणातही आला. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, ती घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात तासाला ९.७५ डॉलर दाखवून प्रत्यक्षात कमी पगार ठरवल्याच्या आरोपावरून. ते प्रकरण वकिलातीच्या नोकरांचं नव्हे. पण उत्तरादाखल भारताने अमेरिकेकडे मागितलं काय, तर त्यांच्या भारतातल्या कचेऱ्यांमधल्या भारतीयांच्या पगाराचा तपशील. भांडण मिटलं आणि तो विषयही मागे पडला.

दाद मागणंही सोपं नाही. लंडनमध्ये सुदानच्या वकिलातीतल्या एका मोरोक्कन स्वयंपाकिणीला, मालक परकं राज्य असल्याने खटला चालणार नाही, असं ऐकावं लागलं. किमान वेतनाचा दावाही त्यात होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सरसकट आडकाठी मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. तरीही त्यांचा कायदा दुरुस्त व्हायला २०२३ उजाडलं.

वाणिज्य दूतावासाशी आपल्या मंडळाचे संबंध चांगले आहेत, म्हणूनच एक मागणी उघडपणे करतो: जाहिरातीत श्रेणीसोबत ती शेवटची कधी सुधारली, हेही छापा. एका ओळीचं काम आहे.

आणि अर्जदारांनो, मुलाखतीत बिचकू नका. वैद्यकीय विमा कुटुंबाला आहे का, व्हिसाचा खर्च कुणाचा, नोकरी सोडताना काय मिळतं, हे विचारा. इथल्या खासगी नोकरीत पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराची ग्रॅच्युइटी असते आणि त्यानंतर ३० दिवसांची. वकिलातीत तसंच असेल असं गृहीत धरू नका, लेखी घ्या. ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी कार्यकारिणीकडे पाठवा. तीन सभासदांनी ते वाचून द्यायचं कबूल केलं आहे, फुकटात.