विश्लेषण : ओपिऑइडचे व्यसन सोडवायला आठवडाभराचे औषध का पुरत नाही?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) मे २०१८ मध्ये लोफेक्सिडिन या औषधाला मंजुरी दिली. ओपिऑइड अचानक थांबवल्यावर होणारा त्रास कमी करणारे, पण स्वतः ओपिऑइड नसलेले हे अमेरिकेतील पहिले मान्यताप्राप्त औषध. मात्र, ते जास्तीत जास्त १४ दिवस घ्यायचे आहे. त्यानंतर काय?

त्रास कशामुळे होतो?

हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल हे पदार्थ मेंदूतील ओपिऑइड रिसेप्टरना चिकटतात. शरीर त्यांना सरावते. ते थांबले की नॉरअ‍ॅड्रेनालिन उसळते आणि घाम, जुलाब, उलट्या, अंगदुखी सुरू होते. लोफेक्सिडिन ही उसळी रोखते. ब्रिटनमध्ये ते १९९०च्या दशकापासून वापरात होते.

मग व्यसन सुटते का?

नाही. त्रास ओसरला तरी ओढ कायम असते. शिवाय शरीराची सहनशक्ती घटलेली असते. जुनाच डोस पुन्हा घेतला, तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच ‘शुद्ध’ होऊन घरी परतलेल्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत मोठा धोका असतो.

दीर्घकालीन औषधे कोणती?

मेथाडोनचा उपचार १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी रुजवला. ते दीर्घकाळ टिकणारे ओपिऑइडच आहे. ब्युप्रेनॉर्फिन (मंजुरी २००२) रिसेप्टरला अर्धवटच चालना देते, त्यामुळे ठरावीक मर्यादेपुढे डोस वाढवूनही श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. त्याचे महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन २०१७ मध्ये आले. रोजची गोळी चुकण्याचा प्रश्न त्याने सुटतो. नाल्ट्रेक्सोन रिसेप्टर अडवून ठेवते, पण त्याआधी साधारण ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद असावे लागते. अनेक रुग्ण तिथेच गळतात.

‘एक नशा सोडून दुसरी’?

हा आक्षेप जुना आहे. पण स्थिर डोसवर रुग्ण कामावर जातो, घर सांभाळतो आणि मृत्यूचा धोका घटतो. तरीही ब्युप्रेनॉर्फिन देण्यासाठी अमेरिकी डॉक्टरांना विशेष परवानगी लागत असे. ती अट २०२२च्या अखेरीस रद्द झाली.

भारतात काय?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीनुसार (२०१९) सुमारे ७७ लाख भारतीयांना ओपिऑइडच्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. पंजाबमधील सरकारी केंद्रे ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या गोळ्या देतात. म्हणजे औषध आहे. ते घेणाऱ्याला ‘अजून सुटला नाही’ असे घरच्यांनी म्हणू नये, हेही उपचाराइतकेच महत्त्वाचे.